बोरोकाची पाती

आधीच सांगून टाकते. बोरोकाच्या स्केट्सची पाती मीच घासली. उघड्या काँक्रीटवर, दोन्ही पायांची, अंगातला सगळा जोर लावून. त्याबद्दल मला अठरा महिन्यांची बंदी झाली. शॉर्ट ट्रॅकमध्ये, म्हणजे बर्फाच्या छोट्या रिंगणातल्या स्केटिंगच्या शर्यतींत, अठ्ठावीस वर्षांच्या बाईला अठरा महिने बर्फापासून लांब ठेवणं म्हणजे काय, हे ती घालणाऱ्या तिघांनाही नीट ठाऊक होतं. आजही इथं हंगेरीत, आमच्या देब्रेत्सेनमध्ये, कुणी कुणी मला पाहून रस्ता ओलांडतं. ओलांडू देत. 'का केलंस' असं सगळे विचारतात आणि उत्तराला थांबत मात्र कुणी नाही.

त्या जानेवारीत युरोपची अजिंक्यपद स्पर्धा आमच्या गावात होती. दरवर्षी ती कुठे ना कुठे होते, आम्ही सामान घेऊन जातो, हरतो-जिंकतो, परत येतो. यंदा घरच्या बर्फावर. ट्रामच्या पाठीवर आमचे फोटो होते. बेकरीवाली पोगाचाचे, त्या छोट्या खाऱ्या पावांचे, पैसे घेईना, "पदक आणा, मग बघू" म्हणायची. बायकांच्या रिलेत आम्ही चौघी: मी, सेगेद गावच्या दोघी बहिणी आणि बोरोका. पाचवी वांडा, राखीव. वांडा मनानं सोनं, पण वळणावर जड.

बोरोका एकोणीस वर्षांची. अकरा वर्षांची असल्यापासून माझ्याच क्लबात. वळणात डावा हात बर्फावर कसा टेकवायचा ते मी तिला शिकवलं, आणि चारच वर्षांत तिनं मला मागं टाकलं. मला त्याचा हेवा वाटला नाही असं म्हणणार नाही. वाटला. पण ती पुढं गेली की मला आपलंच काहीतरी पुढं गेल्यासारखंही वाटायचं. तिचे वडील आम्ब्रुश बाची (बाची म्हणजे आमच्याकडे काका) एक नंबरच्या ट्रामचे चालक. आई नाही. पोरीसाठी त्या माणसानं आठ वर्षं सकाळच्या पाळ्या केल्या, का तर संध्याकाळी तिला सरावाला आणता यावं.

शनिवारी पाचशे मीटरची उपांत्यपूर्व फेरी होती. तिसऱ्या चकरेत बोरोका आतून शिरायला गेली, पाय निसटला आणि ती पाठमोरी घसरत जाऊन रिंगणाच्या कडेच्या गादीवर आदळली. तेवढ्यावर निभावलं असतं, पण मागून दुसरी पोरगी येऊन तिच्यावरच पडली आणि तिचा गुडघा बोरोकाच्या हेल्मेटवर बसला. तो आवाज मी बाकावरून ऐकला. पाच हजार माणसांच्या गोंगाटात ऐकला.

बोरोका उठली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती हात हलवत बर्फावरून निघाली आणि समोरच्या फाटकाकडे गेली. आमचा बाक अलीकडे होता. तिकडे इटलीची मंडळी बसली होती.

मी धावत वळसा घालून गेले. "अगं, इकडं कुठं?"

"आपल्या बाकाकडे," ती म्हणाली आणि इटलीच्या प्रशिक्षकाशेजारी बसली.

त्या बिचाऱ्यानं सरकून जागा करून दिली.

संघाचे डॉक्टर सालोंताई. उंच, देखणा माणूस, हात नेहमी खिशात. त्यांनी तिला बाकामागच्या बोळातच उभं केलं आणि तपासलं. तपासणी म्हणजे काय, तर पाच शब्द सांगायचे आणि थोड्या वेळानं ते परत म्हणून घ्यायचे, महिने उलटे म्हणायला लावायचे, एका पायावर उभं करायचं. शब्द प्रत्येक वेळी तेच. दिवा, मीठ, शिडी, कबूतर, लोकर. तीन वर्षांत त्यांनी एक शब्द बदलला नव्हता. आम्ही पोरींनी त्याला चाल लावली होती, बसमध्ये गायचो. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी कुणीही म्हणून दाखवलं असतं.

बोरोकानं धडाधड म्हटलं. डॉक्टरांनी कागदावर तीसपैकी तीस लिहिलं.

"डॉक्टर, ती परक्यांच्या बाकावर जाऊन बसली होती," मी म्हणाले.

"तू कुठली डॉक्टर?" ते हसत म्हणाले. "घाबरली असेल. झोप काढली की उतरेल."

हॉटेलात आम्ही एका खोलीत होतो. पाच वाजता अंधार पडला तरी तिनं दिवा लावू दिला नाही, डोळ्यांत टोचतो म्हणाली. दोनदा ओकली. सहाला आम्ब्रुश बाची जादा पाळी संपवून गणवेशातच आले, कागदात गुंडाळलेलं कोलबास सॉसेज आणि घरचा पाव घेऊन. तिनं खाल्लं नाही. ते दोन तास तिच्या उशाशी बसून राहिले, ओल्या रुमालानं कपाळ पुसत.

"डॉक्टरला बोलवूया का?" मी विचारलं.

"अगं, ही लहानपणापासून अशीच," ते कौतुकानं म्हणाले. "शाळेत परीक्षा म्हटली की आदल्या दिवशी ओकणार. आणि दुसऱ्या दिवशी पहिली येणार. हो ना गं?"

"हो अपा," ती डोळे मिटून म्हणाली.

रविवारी दुपारी शेवटची शर्यत आमच्या रिलेची होती. सकाळी मी आमचे प्रशिक्षक तिहामेर बाची यांना गाठलं. ते चहात लिंबू पिळत होते.

"बाची, बोरोकाला आज उतरवू नका. वांडाला घ्या."

"आणि चौथे येऊ?"

"तिला उजेड सहन होत नाही. रात्रीपासून पोटात पाणी ठरत नाही."

"मला पण ठरत नाही," ते म्हणाले. "घरची स्पर्धा आहे. मंत्री येतायत. तिकिटं संपलीत. माझ्याही पोटात गोळा आहे. मग काय करू, घरी जाऊ?"

"तिच्या डोक्याला मार बसलाय!"

"डॉक्टरांचा कागद काय म्हणतो?"

"डॉक्टरांचा कागद म्हणजे पाळण्यातली गाणी आहेत. तुम्हाला माहितेय."

त्यांनी लिंबाची साल बशीत टाकली. मग माझ्याकडे नीट बघून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "किंगा, तुझी आता शेवटची वर्षं. पोरगी तुझ्यापुढं गेली हे गिळता येत नसेल तर तसं सांग. पण त्याला डॉक्टरकीचा मुलामा देऊ नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी बरोबर तीच जागा दाबली होती जिथं खरंच दुखत होतं. मी तिथून उठून डॉक्टरांकडे गेले. ते टीव्हीवाल्यांशी बोलत होते, मला बोटानं 'नंतर' अशी खूण केली. ते नंतर कधी आलं नाही. आम्ब्रुश बाचींना स्टेडियमच्या दारात पकडलं. गळ्यात पोरीच्या नावाचा मफलर, हातात झेंडा.

"काल माझ्याशी बोलली की ती," ते म्हणाले. "हसलीसुद्धा. किंगा, तू तिला बहिणीसारखी. आजच्या दिवशी असलं अभद्र बोलू नये."

राहिली बोरोका. कपडे बदलायच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"तूच सांग त्यांना. 'मला बरं वाटत नाही' एवढं म्हण. कुणी जबरदस्ती करणार नाही."

"मला बरं वाटतंय."

"बोरोका, तुला बुटाची नाडी बांधता आली नाही सकाळी. मी बांधली."

"मग? आभार मानू?" ती एकदम उसळली. "तुला काय वाटतं, मी तुझी बाहुली आहे? अख्खं गाव बाहेर बसलंय. अपानं सुट्टी काढलीय, आयुष्यात पहिल्यांदा. तू जा, तुला नसेल खेळायचं तर तू नको खेळूस!"

"शेवटचं विचारते. थांबशील?"

"नाही."

मी उठले. म्हटलं, ठीक आहे, घोडी झालीय, तिचं ती बघेल. एकोणीस वर्षांची म्हणजे मोठी बाई. मी केस बांधले, पिशवीतून हातमोजे काढले, त्यांच्या बोटांच्या टोकांवरचं कडक आवरण तपासलं. पाच-दहा मिनिटं गेली असतील. मागून तिचा आवाज आला. शांत, गोड, रोजच्यासारखा.

"किंगा, माझी पाचशेची फेरी किती वाजता आहे गं?"

पाचशेची फेरी आदल्या दिवशी झाली होती.

सेगेदच्या बहिणींपैकी धाकटीनं वर पाहिलं. मग तिनं मान खाली घातली आणि आपल्या बुटाच्या नाड्या आवळत बसली. तिनं ऐकलं होतं. तिच्या बहिणीनंही ऐकलं होतं. त्या क्षणी मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल, तर त्या दोन वाकलेल्या मानांचा.

आमच्या स्केट्सना धार लावणारा गेदेऑन. साठीचा, अबोल माणूस. त्याच्या खोलीबाहेर मांडणीवर आम्हा पाचजणींच्या स्केट्स ओळीनं ठेवलेल्या होत्या, पात्यांना कापडी आवरणं घालून. त्या पट्ट्यात सगळीकडे रबराची चटई असते, कारण आमची पाती जमिनीला लागली की मेली. सामानाच्या मोठ्या दारापाशी मात्र चटई संपते आणि खालचं काँक्रीट उघडं पडतं.

मी बोरोकाची जोडी उचलली, आवरणं काढली, दारापाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि घासली. धार जमिनीला दाबून, पुढं-मागं, पुढं-मागं. दातांत कळ जावी तसा तो आवाज. डावं पातं झालं, मग उजवं. महिनाभर गेदेऑननं बोरोकाच्या पायाच्या वळणाला जुळवून वाकवलेली पाती ती. त्यांच्यावर हात टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडातला घास काढण्याहून वाईट, हे आमच्यातल्या कुणालाही समजेल. मला ते करताना रडू आलं नाही. संताप इतका होता की रडायला जागाच नव्हती.

मान वर केली तर गेदेऑन दारात उभा. हातात तेलाचं फडकं. त्यानं पात्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

मी जोडी तशीच हातात धरून तिहामेर बाचींकडे गेले आणि त्यांच्यापुढं टेबलावर ठेवली.

"हे मी केलंय. आता वांडाला घ्या."

त्यांनी पात्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. धार असली की नखाचा पापुद्रा निघतो. काही निघालं नाही. त्यांचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं. ते ओरडले ते शब्द मी इथं लिहीत नाही. आईबापांपर्यंत पोचले होते. मग ते धार लावायच्या खोलीकडे धावले.

"गेदेऑन! दुसरी पाती बसव. किती वेळ?"

गेदेऑननं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शर्यतीला पंचवीस मिनिटं होती. मागच्याच महिन्यात परदेशात त्यानं माझी पाती बारा मिनिटांत बदलून, वाकवून, धार लावून दिली होती आणि तेव्हा तिहामेर बाची शेजारीच उभे होते.

"अर्धा तास," गेदेऑन म्हणाला.

"बारा मिनिटांत केलंयस तू!"

"तेव्हा हात चांगला होता." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "आज अर्धा तास लागेल."

बोरोका दारात आली होती. तिनं आपली पाती पाहिली. आधी तिला समजलंच नाही. मग समजलं. ती माझ्याकडे आली आणि दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारायला लागली. मी हात वर केले नाहीत.

"चोरटी! जळतेस तू! जळकी म्हातारी!" ती किंचाळत होती. "तू माझी कुणी नाहीस! कुणी नाहीस!"

तिला वांडानं मागं ओढलं. तिहामेर बाचींनी वांडाला हेल्मेट दिलं आणि माझ्याकडे बोट रोखून म्हणाले, "चौथी कुणी नाही म्हणून तू उतरतेयस. शर्यत संपू दे. मग तू आहेस आणि मी आहे."

आम्ही उतरलो. हॉलंड, इटली, पोलंड आणि आम्ही. सत्तावीस चकरा. लोकांनी "हायरा! हायरा!" करून छप्पर डोक्यावर घेतलं होतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. बोरोकाऐवजी वांडा का, एवढं कुजबुजत होते. वांडा आयुष्यात धावली नसेल तशी धावली. दहा चकरा उरल्या असताना आम्ही दुसरे होतो. मग एका बदलीत, आपली पाळी संपली की पुढचीला मागून ढकलायचं असतं तेव्हा, माझे हात वांडाच्या कंबरेवर नीट बसले नाहीत. चूक माझी होती, तिची नव्हती. इटली पुढं गेली, मागोमाग पोलंडही. शेवटच्या दोन चकरा माझ्या होत्या. पोलंडच्या मुलीला मी आतून गाठलं, बाहेरून गाठलं, शेवटच्या वळणावर तिच्या बरोबरीला आले आणि रेषेवर पाऊल पुढं फेकलं. तिचं पातं माझ्या आधी पोचलं. वीतभर.

चौथे. घरच्या बर्फावर चौथे. टाळ्या वाजल्या, पण तशा, जशा मयताला आलेल्या माणसांनी हात हातात घ्यावेत.

बोरोकाला दुसऱ्या दिवशी इस्पितळात नेलं. डोक्याचा फोटो काढला. फोटोत काही निघालं नाही. असल्या माराचं फोटोत बहुतेक वेळा काही दिसत नाही, हे तिथल्या नर्सनंही सांगितलं, पण ते कोण ऐकतंय! तिसऱ्या दिवशी पेपरात आलं: बोरोका ठणठणीत, सहकारी खेळाडूच्या मत्सरामुळे पदक हुकलं. बेकरीवालीनं माझ्याकडून पोगाचाचे पैसे घेतले आणि उरलेली नाणी हातात न देता काउंटरवर ठेवली.

तीन आठवड्यांनी चौकशी झाली. लांब टेबल, पलीकडे तिघं, मधोमध पाण्याचा तांब्या. डॉक्टर सालोंताईंनी तीसपैकी तीसचा कागद दाखवला. मी पाच शब्दांचं सांगितलं, चाल लावून म्हणूनही दाखवले. अध्यक्ष म्हणाले, "इथं गाणी म्हणू नका." सेगेदच्या बहिणी म्हणाल्या, आम्ही काही ऐकलं नाही. गेदेऑनला बोलावलंच नव्हतं.

मग बोरोका. केस विंचरलेले, संघाचं जाकीट, शेजारी आम्ब्रुश बाची. ती माझ्याकडे न बघता बोलत होती.

"मला सगळं आठवतं. मी पडले, उठले, डॉक्टरांनी तपासलं. संध्याकाळी मी एकदम ठीक होते."

"संध्याकाळी काय केलंत?" अध्यक्षांनी सहज विचारलं.

"खाली सगळ्यांबरोबर जेवले. माशाचा रस्सा होता. मग किंगाबरोबर पत्ते खेळले, मी जिंकले. अपा आले असते तर त्यांनाही खेळवलं असतं, पण त्यांची पाळी होती. ते शनिवारी आलेच नाहीत."

माशाचा रस्सा शुक्रवारी होता. पत्तेही शुक्रवारी.

मी तोंड उघडलं. उघडलं आणि आम्ब्रुश बाचींकडे नजर गेली. ते पोरीकडे बघत होते. कुणी कानाखाली मारावी आणि कुणी मारली तेच कळू नये, तसं त्यांचं तोंड झालं होतं. मांडीवरच्या टोपीची कड बोटांनी मुडपत होते.

"बोरोका," ते म्हणाले, "मी आलो होतो बाळा."

"कधी?"

"शनिवारी. दोन तास बसलो होतो तुझ्याजवळ. कोलबास आणलं होतं."

"नाही अपा," ती हसली. "तुम्ही विसरताय."

डॉक्टर सालोंताईंनी खिशातले हात बाहेर काढले आणि परत आत घातले. आम्ब्रुश बाची उठले. बुटका माणूस, पण त्या दिवशी तो उठताना मला उंच वाटला.

"लिहून घेतलंत?" त्यांनी अध्यक्षांना विचारलं. "माझी पोरगी आत्ता काय बोलली ते लिहिलंत का?"

"शांत व्हा. ही बाब वैद्यकीय आहे. या समितीसमोर फक्त साहित्याच्या नुकसानीचा प्रश्न आहे."

"साहित्य?" त्यांचा आवाज फुटला. "डोकं तिचं, आणि तुम्ही पात्यांचं बोलताय? मी ट्राम चालवतो. ब्रेक लागत नाही असं दुसऱ्या चालकानं सांगितलं तर मी गाडी काढत नाही. या मुलीनं मला दारात सांगितलं होतं. मी झेंडा हलवत आत गेलो. मला लाज वाटते. तुम्हाला वाटत नाही?"

त्यांनी बोरोकाचा हात धरला. "चल. घरी चल." ती गोंधळून आमच्या सगळ्यांकडे बघत त्यांच्यामागं गेली. जाताना पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, भीती होती. ती भीती मला नको होती. त्यापेक्षा तिनं मला जन्मभर शिव्या दिलेल्या चालल्या असत्या.

समितीनं पाणी प्यायलं आणि मला अठरा महिने दिले. 'खेळभावनेला काळिमा' असे शब्द होते. सालोंताईंचं नाव निकालात कुठंच नव्हतं.

बोरोकाला उजेडात नीट वावरता यायला मे उजाडला. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला ती गेली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गेली आणि हजार मीटरमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोचली. मी घरी टीव्हीसमोर उभी राहून बघितली, बसवेना. आमचं बोलणं एकदाच झालं, मोठ्या पिवळ्या चर्चसमोर, ट्रामची वाट बघताना.

"तू मला आधी विचारायला हवं होतंस," ती म्हणाली.

"विचारलं होतं. दोनदा."

ती रुळांकडे वळली. "मला ते कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. मग तिची ट्राम आली.

माझ्या मनातला राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. सालोंताई अजून संघाबरोबर फिरतात. तिहामेर बाचींना मागच्या वर्षी पदक मिळालं, छातीवर लावायचं. मी आता क्लबात आठ-दहा वर्षांच्या पोरांना शिकवते. त्यांच्या आईबापांना बसवून मी एक अर्ज लिहिला: डोक्याला मार बसला तर तपासणारा डॉक्टर संघाचा नसावा, बाहेरचा असावा, आणि त्यानं 'नाही' म्हटलं तर प्रशिक्षकाला विचारायचं नाही. पहिली सही आम्ब्रुश बाचींची. गेदेऑननं सही करताना खाली आपला हुद्दाही लिहिला, म्हणजे नोकरीवर पाणी सोडलंच. वांडानं केली. सेगेदच्या बहिणींनी केली नाही.

एकशे चाळीस सह्यांचा तो अर्ज मी स्केटिंगच्या महासंघाकडे तीनदा पाठवला. दोनदा उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा आलं, 'योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे.' कुठला विभाग, विचारायला गेले तर कचेरीतली बाई म्हणाली, साहेब बैठकीत आहेत.

"बसते," मी म्हणाले, आणि दारासमोरची खुर्ची ओढून घेतली.